पाण्याशिवाय दुसरं लिहू नये

१२ एप्रिल २०१६, उदगीर

बसलिंगप्पांची पोस्ट आजही नाकारली. रोज पहाटे एकच मजकूर – ‘शरणु शरणार्थी’. आता नमस्काराला कोण नाही म्हणतंय? पण आपला फेसबुकवरचा गट ‘टँकर आला का’ या नावाचा आहे, आणि नियम मीच वर ठळक लिहून ठेवलाय: पाण्याशिवाय दुसरं लिहू नये. प्रत्येक पोस्ट आधी मी वाचणार, मगच ती दिसणार. शाळा सुटली, पण बाईंची छडी सुटली नाही!

बसवंतचा पुण्याहून फोन. म्हणाला, आई, एकटी कशाला राहतेस तिथं कोरडी? एक मेचं तिकीट काढलंय. हो म्हटलं. जाण्याआधी गट कुणातरी शिस्तीच्या माणसाकडे सोपवायचा आहे.

१५ एप्रिल

बिलोलीला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. फोन पर्समध्ये. इकडे टँकर आल्याचं नरसिंग रिक्षावाल्यानं लगेच लिहिलं, पण माझ्या मंजुरीविना ते कुणाला दिसणार? अर्ध्या गल्लीच्या घागरी कोरड्या राहिल्या.

संध्याकाळी शेजारच्या कस्तुराबाई दारात. “मॅडम, टँकर तुमची परवानगी घिऊन येतो का?”

मान खाली घातली.

१६ एप्रिल

मंजुरीची अट काढून टाकली. पाण्याची बातमी असेल तर वर ‘पाणी’ लिहा, एवढंच ठेवलं. बाकी ज्याला जे लिहायचं ते लिहू दे. बटण दाबलं. आता सगळा बाजार होणार.

१७ एप्रिल

बाजारच झाला! पहिले बसलिंगप्पा. त्यांच्या शरणुखाली निम्म्या गावाची शरणु. मग कुणाचं शेळीचं पिल्लू हरवलं, कुणाला जावई मिळाला. दुपारी नवीन जिल्ह्यावरून जुंपली. लातूरला रेल्वेनं पाणी आलंय, तर उदगीर जिल्हा झाला की आपल्यालाही रेल्वे येईल, असा एकाचा हिशोब. नरसिंगनं विचारलं, “अन् कलेक्टरला आंघोळीला पाणी कोन देनार?” मी एकटीच मोठ्यानं हसले.

१९ एप्रिल

भांडण ऐन रंगात असताना मध्येच ‘पाणी’ झळकलं आणि गट एकदम चिडीचूप. जिल्हावाले, बिनजिल्हावाले सगळे एकाच रांगेत घागरी घेऊन! माझ्याही दोन भरल्या. बातमी गर्दीत हरवेल अशी भीती होती, उगीचच.

२४ एप्रिल

आज बसलिंगप्पांची शरणु आली नाही. सात वाजले तसा गट कासावीस. शेवटी नरसिंग रिक्षा घेऊन निघाला, मीही बसले. पाहतो तर काय – म्हातारा ठणठणीत! फोन पाण्याच्या ड्रममध्ये पडलेला, आणि हे त्या ड्रमलाच रागावतायत. हसून पुरेवाट.

निघताना हळूच म्हणाले, “घरात कुनी न्हाई बाई. आज उठलो, हे कुनालातरी कळावं म्हणून लिवतो.”

किती सकाळी मी त्यांना नाही म्हटलं होतं!

२५ एप्रिल

आज मीही लिहिलं. शरणु शरणार्थी. जन्मात एवढी उत्तरं मला कुणी दिली नाहीत. कस्तुराबाईंनी तर लिहिलं, ‘मॅडम उठल्या, आता आम्हाला उठावं लागंल.’

२८ एप्रिल

बॅग भरायला काढली. दोन साड्या ठेवल्या आणि गट वाचत बसले. साड्या तशाच.

३० एप्रिल

काल रात्री फोन चार्जिंगला लावायचा राहिला, आणि सकाळी डोळाही उशिरा उघडला – दारावरच्या धडाधडा थापांनी. नरसिंग, बसलिंगप्पा, मागं अख्खी गल्ली. “शरणु न्हाई पडली तुमची,” कस्तुराबाई म्हणाल्या. एवढ्यांच्या चहाला माझ्याकडे पाणी कुठलं? त्यांनी कमरेवरची घागर माझ्या ओट्यावर ठेवली.

चहा झाल्यावर बसवंतला फोन केला. तिकीट रद्द कर म्हटलं.