दादाच्या घड्याळाची काच

ला ब्रेव्हिन, ९ जानेवारी १९८४

चि. ओदिलीस, नुमाचे अ. उ. आ.

माझं घड्याळ पाठवतोय. प्लेक्सीच्या प्लॅस्टिक काचेवर इतके ओरखडे पडलेत की काटे धुक्यात बुडाल्यासारखे दिसतात. पेस्ट लावून फडक्याने अर्धा तास घासली, तरी काच ढिम्म. रोज सकाळी सव्वासातला अकरा पोरांना घेऊन शाळेची गाडी काढायची आणि आपल्यालाच वेळ दिसू नये, हे बरं नाही. तू कारखान्यात दिवसभर काचाच बसवतेस, भावासाठीही एक धड बसव. इथे पारा उणे तीसवर आहे. तुझी क्लेमांस वहिनी म्हणते, चीज आता कुऱ्हाडीने फोडावं लागेल.

तुझा लोभ आहेच, तो काचेतही दिसू दे.
नुमा

ले लोक्ल, १३ जानेवारी

ती. दादास, ओदिलचा शि. सा. न. वि. वि.

मिनरल काच बसवली आहे. तिच्यावर सहजी ओरखडा उठत नाही. पण उठला तर प्लेक्सीसारखा घासून जातही नाही, हे लक्षात ठेव.

एक सांगू का? तुझी जुनी प्लेक्सी मी आमच्या रीतीप्रमाणे उत्तरेच्या खिडकीपाशी भिंगाखाली धरली. तू छान घासली होतीस. मला एकही ओरखडा सापडला नाही. गेल्या ईस्टरला डोळ्यांचा विषय काढला तर तू तीन महिने अबोला धरलास, म्हणून पुढचं लिहीत नाही. वहिनीला तरी विचार.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.
ओदिल

ला ब्रेव्हिन, २० जानेवारी

चि. ओदिलीस, आशीर्वाद.

तुझी मिनरलही तसलीच निघाली. दिव्याजवळ धरली की काट्यांभोवती कडं दिसतं. डोळ्यांचं म्हणशील, तर बासष्टाव्या वर्षीही माझी नजर घारीची आहे. एकवीस वर्षांत गाडीला साधा पोचा नाही. तुमच्या कारखान्याचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. आता सफायर बसव. हिऱ्याशिवाय ती कशालाच दाद देत नाही म्हणतात. पडली की फुटते, तर फुटू दे. क्लेमांसला उगाच फोन करून घाबरवू नकोस.

कामात लक्ष असू दे, आणि भावावर मायाही.
नुमा

ले लोक्ल, २४ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. सफायर उजेड परतवते, जास्त चकाकते. तिने तुझा त्रास वाढेलच. तिन्ही काचा समोर ठेवून विचार केला आणि शेवटी मला योग्य वाटलं ते केलं आहे. काय केलं ते लिहीत नाही. घड्याळ बघ आणि त्याच दिवशी उत्तर टाक.

तोवर गाडी रोझिनला चालवू दे. तुझ्या सुट्टीत शेजारची ती पोरगी चालवतेच की. मला त्या अकरा पोरांची भीती वाटते दादा, आणि तुझीही. लिहून टाकलं. हवा तर वर्षभर अबोला धर.

तरीही तुझीच,
ओदिल

ला ब्रेव्हिन, २६ जानेवारी

चि. ओदिलीस, अ. उ. आ.

घड्याळ काल मिळालं. जेवायला बसलो असताना क्लेमांससमोर मिरवत म्हणालो, की ही काच जरा बरी आहे, पण धुकं अजून आहेच. पुसायला अंगठा फिरवला तर मिनिटकाटाच बोटाला लागला आणि वाकला. तू काच बसवलीच नव्हतीस. क्लेमांस रडायला लागली. मी तुला चार शिव्या हासडल्या आणि बाहेर जाऊन बंद गाडीत बसून राहिलो.

किल्ल्या आज रोझिनला दिल्या. सोमवारी क्लेमांस मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. मोतीबिंदू असेल तर इलाज आहे म्हणते.

आता कुणालाच सांगितलं नाही ते तुला सांगतो. गेल्या शुक्रवारी सकाळी वळणावर रस्त्याच्या कडेला खांब दिसला, आपण बर्फात खुणेसाठी रोवतो तसला. रोजच्यासारखी गाडी त्याला चिकटून काढत होतो, तेवढ्यात त्या खांबाने हात हलवला. रोझिनचा सहा वर्षांचा मुलगा ल्यूक होता. ब्रेक लागला. रस्त्यात पुढे येऊन उभा राहतोस म्हणून मी त्यालाच रागावलो.

आणि त्याच दुपारी मी तुझ्या मिनरल काचेला नावं ठेवणारं ते पत्र लिहिलं.

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.
तुझा दादा