घडीभरात येतो

आक्का,

आज शाळेत एका पोरीनं मला असं काही विचारलं की ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. तुझीच गोष्ट सांगत होते. निपाणीच्या या मुलींच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास मी गोष्टीला देते, आणि फिरून फिरून तुझ्या 'बिनघडीच्या मुलखा'वरच येते, कारण मुलींना तीच हवी असते. पण पोरी आता लई बेरकी झाल्यात. मी तोंड उघडायच्या आत ओरडतात, "बाप हरवलाय म्हंजे सापडणार, बाई!" "आता तीन म्हाताऱ्या येणार!" "धाकटीच जाणार, थोरल्यांना काय जमत न्हाय!" गोष्टी कशा चालतात ते त्यांना सगळं पाठ. आज मी इथवर आले होते की अडकलेल्या बापाला नावानं हाक मारली तरच तो सुटेल, आणि आईला नवऱ्याचं नाव घेता येत नाही, म्हणून लेक निघते. तेवढ्यात चिकोडीकडची एक मुलगी उभी राहिली. घरात कन्नड बोलते, आईला आव्वा म्हणते, मराठी जपून बोलते. म्हणाली, "बाई, नाव घेत न्हाईत ते ठाऊक हाय. पन माणूस अडकलाय न्हवं? तरी बी आव्वा गप बसली?" वर्ग हसला, मला हसू येईना. घरी आले, पिठाची परात झाकून ठेवली आणि लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे तुला नाही तर कुणाला सांगू?

मी तुला आई असं कधी म्हटलंच नाही बघ. मामा तुला आक्का म्हणायचे, म्हणून मीही आक्का. बेळगावच्या शहापुरातलं ते मामांचं घर, पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत आपण दोघी. मागावरून उतरलेल्या लुगड्यांच्या घड्या घालायचं काम तुझं, आणि नऊवारी लुगड्याची घडी काही एकटीनं नीट पडत नाही, म्हणून दुसरं टोक माझ्या हातात. तू भिंतीशी, मी दाराशी. कापड ताणायचं, काठाला काठ लावायचा, मग तू माझ्याकडं यायचं, मी तुझ्याकडं, आणि मध्ये भेटलो की माझं टोक तुझ्या हातात द्यायचं. माझ्या लेखी घडी म्हणजे एवढंच. घडी म्हणजे वेळसुद्धा असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि आप्पा तर तोच शब्द बोलून गेले! लोंढ्याला रेल्वेच्या इंजिनात कोळसा घालायचं त्यांचं काम. पहिली मोठी लढाई लागली, समुद्रापार इराकात बसऱ्याकडं गाड्या चालवायला माणसं न्यायला लागले, तसे हेही निघाले. बेळगावच्या स्टेशनात मी त्यांच्या पायाला मिठी मारून भोकाड पसरलं. मला उचलून घेत म्हणाले, "रडतीस कशाला गं? घडीभरात येतो." झालं! मी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू लुगडं काढलंस, मी टोक धरलं, घडी पडली आणि मी दाराकडं बघितलं. दुसरं लुगडं झालं, पुन्हा बघितलं. असं रोज चाललं. शेवटी तू वैतागलीस. "सारखं दाराकडं काय बघतीस? काठ सुटाय लागलाय."

"घडी झाली की. आप्पा कुठं हाईत?"

दुसरी कुणी असती तर पोट धरधरून हसली असती आणि गल्लीभर सांगत सुटली असती. तू हसली नाहीस. बसऱ्याहून किती दिवसांत कागदाचा कपटा आलेला नाही हे मला कुठं ठाऊक होतं? तू हातातला पदर सारखा केलास आणि अगदी सहज म्हणालीस, "येणार कसे? ते हाईत त्या मुलखात घडीच न्हाय."

आक्का, त्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला होता, तो लिहितानाही येतोय! घडी नाही असा मुलूख! तिथं कापड दुमडायचं नाही. पान दुमडायचं नाही, विडा करायचा नाही. गुडघा दुमडायचा नाही, म्हणून सगळी माणसं उभीच. सगळं ताणून, कांजी करून, सरळ. तिथला मुकादम कुणाला दिसत नाही, पण एक सुरकुती पडली तरी त्याला कळतं. "आणि घडी म्हंजे वेळ बी असती, येडे," तू म्हणालीस, "तीच न्हाय म्हटल्यावर तिथं सकाळची दुपार बी होत न्हाय. आप्पांना वाटतंय, आत्ताच तर आलोय." मी धापा टाकत विचारलं, मग आपण जायचं कसं? तू लुगडं पुन्हा उलगडलंस, मला दाराशी पाठवलंस. "आता तू किती लांब हाईस? आन् घडी घाटल्यावर? नाकाला नाक लागतंय का न्हाय? बसरा आन् शहापूर ही बी एकाच लुगड्याची दोन टोकं. चालत कोण जातंय!" मी इतकी उडाले की लुगडं खाली पडलं आणि पाठीत धपाटा बसला.

पुढं रोज दुपारी गोष्ट. आणि मी काही मुकाट्यानं ऐकणारी नव्हे. आज वर्गातल्या पोरी ज्या शंका काढतात त्या सगळ्या मी तेव्हाच काढल्या होत्या. म्हाताऱ्या तीनच का? "चौथीला भाकरी कोण घालणार?" त्या लेकीला सगळं उघडून का सांगत नाहीत, कोड्यात का बोलतात? "उघडून सांगितलं तर गोष्ट आजच सरंल. उद्या घड्या घालाय येशील काय तू?" पहिलीनं दिला एक तुकडा, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा. दुसरीनं दिली चिमूटभर तपकीर. तिसरीनं काहीच दिलं नाही, नुसती कानउघाडणी केली. म्हणाली, "तुझा आवाज केवढा गं मोठा! तसाच घेऊन जा." आता आवाज मोठा कुणाचा होता ते शहापूरला विचार. "हळू बोल, लोंढ्यापातूर ऐकू जातंय" हे मी दिवसातून कितीदा ऐकायची! ज्या खोडीपायी घरात बोलणी खायची तीच खोडी तिथं उपयोगी पडणार हे ऐकून मी त्या दिवशी जेवताना सगळ्यांशी ओरडूनच बोलले. मामा म्हणाले, "आक्का, हिला काय झालंय?" तू खाली मान घालून हसत होतीस.

आणि ती तपकीर! त्या गोष्टीतलं माझं सगळ्यात लाडकं. लेक त्या मऊ तुकड्याची घडी घालून त्या मुलखात पोचते, सगळे ताठ उभे, मुकादमाचा पहारा, आता काय करणार? ती तपकीर उधळते. शिंक आली की माणूस वाकतोच, आक्का! हजारो माणसं एकदम वाकली, मुलूखभर सुरकुत्या पडल्या, मुकादम कुठं कुठं ताणणार? गेल्या खेपेला मी वर्गात शिंकून दाखवलं तर सगळा वर्ग शिंकायला लागला आणि शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. पण आप्पा वाकले नाहीत. ते तिथं फार दिवस राहिलेले, पाठमोरे. त्यांना नावानं हाक मारायची. हाक ऐकून मान वळली की तीही घडीच, ती पडली की दोन टोकं जुळली. आणि हे काम लेकीचं, कारण तू तर आप्पांचं नाव ज्या देवाचं, त्या देवाच्या देवळात हात जोडूनसुद्धा "ह्या देवा" एवढंच म्हणायचीस. मी ते कधी विचारलंच नाही. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, यात विचारायचं काय? मी आपली मागच्या अंगणात जाऊन आप्पांच्या नावानं हाका मारायचा सराव करायची, आणि तू मला कधी गप केलं नाहीस.

मग लढाई संपली. पलीकडच्या गल्लीतला एक गडी परत आला आणि सांगत आला, "हाईत, जित्ते हाईत. पन लई आजारी हुते. कुनाशी बोलत न्हाईत, वळखत बी न्हाईत धड. पाठीमागच्या बोटीनं येतील." त्या दिवसापासून पुण्याकडची गाडी यायच्या वेळी आपण तिघं स्टेशनात. मामा पुढं, मी मध्ये, तू डोक्यावरून पदर घेऊन मागं. गाडी यायची, माणसं उतरायची, गाडी लोंढ्याकडं निघून जायची. परतताना तू गोष्ट सांगायची नाहीस, आणि मीही मागायची नाही.

आणि मग तो दिवस. गाडी उभी आहे. फलाटावर ही गर्दी. मामा पुढच्या डब्यांकडं धावलेत, आपण दोघी शेवटाकडं बघत चाललोय. एका खिडकीत एक माणूस बसलाय, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, ताठ, सरळ समोर बघत. मी बघते. तू बघतेस. आप्पा! बेळगाव आलंय हे त्यांच्या गावीच नाही. पाठमोरे नाहीत, पण आहेत त्या मुलखातच. मी सगळं ओळखलं गं, मला सगळं ठाऊक होतं, आता माझी पाळी! तोंड उघडलं आणि आवाजच नाही. लोंढ्यापर्यंत जाणारा माझा आवाज, घशातून हवासुद्धा बाहेर येईना. शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला. खिडकी हलली. आता ते लोंढ्याला जाणार, तिथून पुढं हुबळी, आणि असेच बसून राहणार. मी तुझ्या लुगड्याला ओढतेय, रडतेय, तोंड नुसतं उघडझाप करतंय.

आणि तू हाक मारलीस. पदर डोक्यावरून खाली पडला, हात वर केलास, आणि आप्पांचं नाव, नुसतं नाव, उखाण्यात गुंफलेलं नाही, पुढं राव नाही की पंत नाही, एकेरी, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! हमाल थांबले. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. पुढून मामा वळून बघायला लागले आणि बहिणीच्या तोंडून काय ऐकलं ते कळल्यावर खाली बघायला लागले. तुझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. माझा कुणाकडून आलाय ते मला तेव्हा कळलं.

आप्पांची मान वळली. पहिल्यांदा नुसती मान, मग डोळे, मग ते उठले आणि चालत्या गाडीतून धडपडत उतरले. कुणीतरी मागून त्यांचं गाठोडं फेकलं. ते दोन पावलं आले आणि फलाटावरच मटकन उकिडवे बसले, गुडघे दुमडून, कपाळ गुडघ्यांना टेकवून. मी नाचायला लागले. "वाकले! वाकले!" माझा आवाज परत आला होता. तू पदर सारखा केलास, तोंडाशी धरलास आणि नेहमीच्या हळू आवाजात मला म्हणालीस, "घरला चला म्हणावं त्यांस्नी." मी जाऊन सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "कुनी हाक मारली गं?" मी तुझ्याकडं बोट दाखवलं. तू दुसरीकडं बघत होतीस.

त्या हाकेचा विषय त्यानंतर घरात कुणी काढला नाही. आप्पांना माणसात यायला पुष्कळ दिवस लागले, पण आले, आणि पुढं मागच्या खोलीत बसून आपल्या घड्या बघत बसायचे. एकदा मी टोक धरून म्हटलं, "गोष्टीत तर लेक हाक मारती." तू म्हणालीस, "गोष्टीत तसंच असतंय. काठ धर." म्हणून आजवर मीही तसंच सांगत आले. लेक जाते, लेक हाक मारते, मुली टाळ्या वाजवतात. तुझी लाज राखत होते असं मला वाटायचं. त्या चिकोडीच्या पोरीनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाय गं, गप न्हाय बसली." मग मी सगळं सांगितलं, फलाट, गाडी, पदर, सगळं. पोरी टाळ्या वाजवायच्या विसरल्या. ती चिकोडीची खाली बसली आणि म्हणाली, "हां. असं पायजे." आक्का, मला इतका आनंद झाला की रस्त्यानं जवळजवळ पळत घरी आले, या वयात!

आप्पांचं नाव इथं लिहीत नाही. तू ते एकदाच घेतलंस, ते त्या फलाटावरच असू दे. या कागदाची घडी घालायला दुसरं कुणी लागत नाही. घालते आणि ट्रंकेत तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवून देते. फक्त एक सांगायचं राहिलं. मघाशी लिहिता लिहिता उठले, चुलीपुढं उभी राहिले आणि माझ्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेऊन बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदाच. आवाज चांगला लागला, अगदी तुझ्यासारखा. पण ते अजून तंबाखूच्या वखारीतून आलेले नाहीत, आक्का. घरात कुणी नव्हतं, म्हणूनच जमलं.