नकार देणाऱ्याची सही

आबा,

तुमच्यावर पुस्तक निघतंय. परवा पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. लढाईच्या काळात ज्यांनी बंदूक धरायला नकार दिला, त्यांचा इतिहास लिहितायत म्हणे. विलायतेत अशी पुष्कळ माणसं झाली, त्यांना कोर्टापुढं उभं करून मनातलं विचारायचे, कुणी तुरुंगात गेले, कुणाच्या हातात बाया भर रस्त्यात भित्रेपणाची खूण म्हणून पांढरं पीस ठेवायच्या, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, पीस कशाला, आमच्या अंथुर्ण्यात सरळ बांगड्या आणून दिल्या होत्या. ते त्यांनी लगेच वहीत उतरवलं आणि विचारलं, तुमच्या वडिलांचं तत्त्वज्ञान काय होतं? मला हसू आवरेना. मळ्यात साप निघाला तर त्याला काठीवर घेऊन पाटापलीकडं सोडून यायचं आणि परत येऊन वांग्यातल्या अळ्या बोटानं चिरडायच्या, याला पुण्यात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. जाताना म्हणाले, आठवेल ते लिहून ठेवा, आजी. म्हणून कागद घेतला, तर पहिला शब्द 'आबा' असाच पडला, आणि आता तो खोडायचा कंटाळा येतो.

खरं म्हणजे तुमच्याकडं पुस्तकात घालण्यासारखं काही नव्हतंच. पहिल्या महायुद्धात तुम्ही पलटणीबरोबर बसऱ्याकडं गेलात, एक लढाई लढलात, आणि दुसऱ्या दिवशी बंदूक साहेबापुढं ठेवून म्हणालात की पाणी वाहीन, जखमी उचलीन, पण आता ही धरणार नाही. त्यांनी तुम्हाला कैदेत टाकलं. गावातले बाकीचे छातीवर बिल्ले लावून परत आले, तुम्ही कैदेत शिकलेली चार अक्षरं घेऊन आलात. का, असं लहानपणी मी तुम्हाला कितीदा विचारलं असेल. तुमचं उत्तर ठरलेलं, "मन घेईना, पोरी." झालं. सरकारशी वैर, गावात नाचक्की, आईला पाणवठ्यावर टोमणे, आणि कारण काय तर मन घेईना. भूक नसली म्हणजे ताट बाजूला सारतात तसं तुम्ही युद्ध बाजूला सारलंत.

तुमच्या त्या मनाचं ओझं मी निरवांगीला सासरी घेऊन गेले. माझ्या जावेचे दोन भाऊ पलटणीत होते. त्यांचा कागद आला की ती तो भर अंगणात वाचून घ्यायची, आणि माझ्याकडं बघत सासूबाई म्हणायच्या की हिच्या बापाचा कागद कुठून येणार, ते वांगी खुडतात. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, मग गोठ्यात जाऊन दात-ओठ खायचे. मला तुमची लाज वाटायची, आबा. तिटकारा होता म्हटलं तरी चालेल. ऐंशी ओलांडल्यावर कशाला सारवासारव करू?

एकोणचाळीस साली विलायतेत पुन्हा लढाई पेटली, आणि मी दिवाळीला माहेरी आले तर गावात भरती आलेली. पेन्शनीत निघालेला एक सुभेदार चावडीत बसलाय, मिशांना पीळ, हातात छाती मोजायची फीत. काय त्याचं भाषण! मर्दानगी, बापजाद्यांचं नाव, साहेबाचं मीठ. त्याचा स्वतःचा मुलगा मात्र बारामतीत कापडाच्या दुकानात सावलीला बसून गज मोजत होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, आणखी काय. आणि आपले गावकरी! तुमच्या दाराशी बांगड्या ठेवणारे हेच, आणि आता आमच्या पोराला दमा आहे, आमच्याला रात्री दिसत नाही, असं सांगत पोरं माळवदावर लपवणारेही हेच. त्या सगळ्यांत आपला धाकटा तेवढा सकाळीच जाऊन छाती मोजून आला. नुकता अठराचा, अजून मिसरूड फुटायचं होतं. त्याचा बाप कोण ते सुभेदाराला कुणीतरी सांगितलं, आणि त्याला खुमखुमी आली. पोरगं कोवळं दिसतंय, बापाची सही पाहिजे, म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या बापाला त्यानं बोलावलं नव्हतं.

दुपारी तुम्ही मळ्यातून चावडीकडं निघालात. आई वाटभर तुमच्या मागं लागली होती, "निस्तं न्हाय म्हना. येवढा एक डाव न्हाय म्हना." तुम्ही चालतच होता. चावडीपुढं ही गर्दी, कारण तुम्ही नाही म्हणणार आणि तमाशा होणार याची सगळ्यांना खात्री. मी आणि आई लिंबाखाली उभ्या. सुभेदार कागद पुढं करतो आणि म्हणतो, काय वांगीवाले, पोराला तरी मर्द होऊ द्या. लोक हसतात. तुम्ही चिडत नाही. तुम्ही धाकट्याकडं वळता आणि त्याला विचारता, "तुजं मन घेतंय का?" तो खाली बघून म्हणतो, "व्हय." मग तुम्ही सुभेदाराला सांगता, "मी माज्या मनाला इचारून न्हाय म्हनलो हुतो. त्याच्या मनाचा मालक त्यो. मी आडवा येनारा कोन?" आणि कैदेत शिकलेल्या त्या अक्षरांत, जिभेचं टोक बाहेर काढून, हळूहळू सही करता.

या सहीचा मला आजही संताप येतो. स्वतःसाठी गोऱ्या साहेबापुढं उभं राहायची छाती होती, पोटच्या पोरासाठी 'न्हाय' एवढा शब्द तोंडातून निघाला नाही. आपलं मन सोवळ्यात ठेवायचं आणि पोरगं वाऱ्यावर सोडायचं, असलं कसलं हो ते तत्त्व? त्या दिवशी आई चुलीपुढं बसून राहिली, तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली तरी उठली नाही. दीड वर्षानं आफ्रिकेच्या वाळवंटाकडून तार आली. ती तुम्हीच पोस्टमनकडून वाचून घेतलीत, आईला सांगितलंत आणि फावडं उचलून मळ्यात गेलात, कारण पाटाच्या पाण्याची तुमची पाळी होती. मी निरवांगीहून धावत आले तेव्हा तुम्ही वाफ्यात पाणी वळवत होता. मी बांधावरूनच म्हणाले, "तुमीच मारलं त्याला. सही तुमची हाय." तुम्ही ऐकून घेतलंत आणि पुढचा वाफा फोडलात. त्यानंतर तुम्ही मरेपर्यंत मी येईन तेव्हा हेच म्हणत राहिले, कधी शब्दानं, कधी नुसतं ताट आदळून. तुम्ही एकदाही उलटून बोलला नाहीत. तो मला तुमचा शेळपटपणा वाटायचा, आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे. शेवटच्या दुखण्यात मी तुम्हाला पेज भरवली, तीसुद्धा न बोलता.

आता एक गोष्ट, जी प्राध्यापकांच्या वहीत जाणार नाही. त्या दिवशी सुभेदारानं सही मागितल्यावर धाकटा तुम्हाला बोलवायला मळ्यात आला, पण आधी माझ्याकडं आला. मी कडेच्या सरीत वांगी तोडत होते. तो उकिडवा बसला, ढेकळं फोडत राहिला आणि म्हणाला, "आक्का, आबाचं खरं आसलं तर? माजं बी मन न्हाय घेत." आणि मी तर निरवांगीला निरोप धाडून बसले होते, माझा भाऊ पलटणीत निघाला म्हणून. जावेचं तोंड कसं होईल ते मी सकाळपासून मनात बघत होते. मी म्हटलं, "मागं फिरलास तर पुन्ना भाऊबीजंला तुला ववाळनार न्हाय." तो उठला आणि हाताची माती झटकली. तुम्ही मक्याच्या आड, चार सऱ्या पलीकडं खुरपत होता, नुसतं मुंडासं दिसत होतं. खुरप्याचा आवाज तेव्हा चालू होता की थांबला होता, हे मी इतकी वर्षं आठवून बघते आणि मला ते आठवत नाही. मग तुम्ही पाटात हात धुतलेत आणि त्याच्याबरोबर चालायला लागलात. तुम्ही ऐकलं होतंत का, आबा? एवढंच विचारायला बसले होते, बाकीचं उगाच लिहिलं.