खिडकीतली पट्टी

९ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, हे तुला फोनवर कळलंच आहे. पुढचं मात्र फोनवर सांगण्यासारखं नाही. फोन हॉलमध्ये, अण्णा हॉलमध्ये, आणि त्यांचे कान किती तिखट आहेत ते तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र. आधी खाली बस.

काल दवाखान्यात ड्रेसिंग काढलं. येताना गाडीत स्वारी अगदी खुशीत होती. आकाश केवढं निळं आहे, माझा रुमाल पिवळट नसून चक्क पांढरा आहे, असं चाललं होतं. घरात पाऊल टाकलं आणि चपला काढायच्या आधीच थबकले. खिडकीखालच्या भिंतीकडे बोट करून एवढ्या मोठ्याने ओरडले, की माझ्या हातातली औषधांची पिशवी खाली पडली. हे कोणी केलं, म्हणून विचारत होते. ते दवाखान्यात असताना मी कुणातरी अडाण्याला बोलावून भिंतीची वाट लावली, असं त्यांना वाटलं!

आई गेली तेव्हा नळ फुटून तिथे ओल आली होती, आठवतं ना? आईने पसंत केलेला तो फिकट पिस्ता रंग त्या कंपनीने बनवायचाच बंद केला होता. मग अण्णांनी दुसऱ्या कंपनीचा डबा आणून, त्यात थेंब थेंब रंग घालून तो जुळवला. कुठल्याही कंपनीचा रंग कुठल्याही कंपनीच्या डब्यातून काढून देणारा रंगारी, अशी तर त्यांची ख्याती. आणि तो तुकडा पहिल्या दिवसापासून निळसर दिसतोय हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे. आलेला पाहुणा आधी तिकडे बघतो आणि मग मुकाट्याने पंख्याकडे बघायला लागतो.

काल ते कितीतरी वेळ भिंतीसमोर उभे राहून एकदा हा डोळा झाकत होते, एकदा तो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू अजून तसाच आहे, त्याने बघितलं की भिंत एकसारखी. उजव्याने बघितलं की ठिगळ. शेवटी अगदी हळू आवाजात विचारलं, की हे आधीपासून असंच होतं का. मी म्हटलं, रंग उडतो हो अण्णा. ते म्हणाले, माझा रंग उडत नाही. मग जेवलेसुद्धा नाहीत.

मला सारखं एक आठवतंय. पूर्वी ते नमुन्याचा रंग पुठ्ठ्याच्या पट्टीवर लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत टांगायचे. त्या ओलीच्या वेळीही टांगली होती, आणि आपल्या दोघींना बोलावून कसा वाटतो म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, एक नंबर. तूही मान डोलावलीस. आई नुकतीच गेलेली, त्यांचं मन कोण मोडणार?

आता मुख्य बातमी. शनिवारी ते तुझ्याकडे येताहेत. तुला भेटायला नव्हे, तुझ्या बेडरूमची भिंत बघायला. ती त्यांनी आपल्या हॉलनंतर केली होती ना? ती ठीक निघाली तर चूक एकाच भिंतीची. नाही तर, म्हणाले, मग माझ्या हातात ब्रश शोभत नाही. तुझी भिंत कशी आहे ते ताबडतोब कळव. माझा जीव थाऱ्यावर नाही.

भाऊजींना नमस्कार. मला जशी चिडवतेस तशीच चिडवत राहा.

तुझी,
ठमी


११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

पत्र वाचलं आणि दूध उतू गेलं ते तसंच जाऊ दिलं. अगं, माझी भिंत छान आहे. इतकी छान आहे की तीच तर पंचाईत आहे.

विजेची तार बदलायला भिंत फोडली होती, तो पट्टा अण्णांनी बदामी रंगाने जुळवून दिला. दिसायला लागला जांभळट. वर्षभर आम्ही त्याच्यापुढे कपाट ठेवलं. कपाटाचं दार पलंगाला अडायचं, तुझे भाऊजी रोज आडवे होऊन शर्ट काढायचे. शेवटी त्यांनी भिंतीचा नखाएवढा पापुद्रा काढून दुकानात नेला. तिथल्या यंत्राने तो बघून तिसऱ्याच कंपनीच्या डब्यात रंग कालवून दिला, आणि दुकानाच्या माणसाने येऊन लावला. आता कुठे जोड आहे ते मलाही सापडत नाही. आणि इकडे फोनवर मी दर वेळी अण्णांना सांगतेय, की तुमचा रंग अजून नवाकोरा आहे हो!

भाऊजी म्हणतात, सरळ खरं सांगून टाक. त्यांना काय जातंय सांगायला! मी तोंड उघडणार नाही. अण्णा येतील, भिंत बघतील, खूश होऊन परत जातील. तोवर तूही हॉलचा पापुद्रा दुकानात ने आणि ते ठिगळ झाकून टाक. जुन्या भिंतीचा काढ हो, ठिगळाचा काढशील! तुझा भरवसा नाही.

हे पत्र वाचून फाड. आणि धीर धर, माझ्यासाठीही थोडा शिल्लक ठेव.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

फोन करावा तर अण्णा समोरच आहेत. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

अण्णा आले, पाणीसुद्धा न पिता बेडरूममध्ये गेले. एक डोळा, दुसरा डोळा, दोन्ही डोळे. भिंत दोन्हींनी एकसारखी. चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी सवयीने भिंतीवरून तळहात फिरवला, आणि हात तिथेच थांबला. वळून मला म्हणाले, की हा रोलरचा हात आहे, मी जन्मात रोलर धरला नाही. ठमे, मी सगळं सांगून टाकलं. कपाटसुद्धा.

मला वाटलं आता आकाश कोसळणार. ते पलंगावर बसले आणि म्हणाले, यंत्राने चांगलं केलंय. त्यांना भिंतीचं काहीच वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच. म्हणाले, मी पट्टी टांगून तुम्हाला विचारलं होतं, तेव्हा का नाही बोललात?

मी म्हटलं, तुमच्या हाताला आम्ही काय नावं ठेवणार, तुमच्यासारखा डोळा कुणाला आहे? तर म्हणाले, डोळा माझा नव्हताच. ऐकतेयस ना? त्यांना निळ्यातला बारीक फरक कधीच नीट कळत नव्हता. पहिल्यापासून! ती पट्टी वाळायला टांगलेली नसायची, आईसाठी टांगलेली असायची. आई सकाळी एकदा बघायची, संध्याकाळी दिवा लावून एकदा बघायची, आणि सांगायची, निळा कमी करा, पिवळा वाढवा. ती हो म्हणाली की डबा कामावर जायचा. एवढं नाव झालं, ते तिच्या हो-नाहीवर. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हती.

आणि ती गेल्यावर त्यांनी आपल्याला विचारलं. आपल्याला वाटलं, बिचारे कौतुक करून घ्यायला बोलावताहेत. माणूस भिंतीला हात लावण्याआधी विचारत होता, आणि आपण दोघी माना डोलवत होतो.

ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. फक्त एवढं म्हणाले, की आता कुणाला विचारायचं ते मला कळत नाही. उद्या दुपारी तिकडे पोचतील. हॉलला अजून हात लावला नसलास तर लावू नकोस. लावला असलास तर देव तुझं भलं करो.

मनात ठेव, आणि माझ्यावरचा राग असला तर तोही कळव.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि अण्णा एकाच दुपारी दारात आले. भिंत आदल्या दिवशीच झाली होती. पापुद्रा जुन्या भिंतीचाच काढला, इतकी काही वेडी नाही मी. रंग मी स्वतः लावला, ब्रशने. कोपरापर्यंत पिस्ता झाले होते.

अण्णांना पाणी देऊन मी स्वयंपाकघरात तुझं पत्र वाचलं. मी म्हटलेलं ते एक नंबर कानात वाजायला लागलं. बाहेरून अण्णांची हाक आली. ते भिंतीसमोर उभे होते. कोणी लावला हे विचारलंच नाही, माझे हात दिसत होते. एवढंच विचारलं, की कसा वाटतो.

छान आहे, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते ग, सवयीने. ते गिळले. मी सांगितलं, की दिवसा बरोबर दिसतो, पण काल दिवा लावला तेव्हा मळकट दिसत होता. म्हणजे जुळलेला नाही.

मला वाटलं, आपण काहीतरी भयंकर बोलून बसलो. त्यांनी पडदे ओढले, दिवा लावला, पुन्हा भिंतीकडे वळले. मग खुर्चीत बसून रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

काल सकाळी उठले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत पट्टी टांगलेली. अण्णा बाजूला उभे, हाताची घडी घालून, परीक्षेला बसल्यासारखे. मी म्हटलं, निळा जास्त आहे. एवढे खूश झाले, की माझा निकाल लागला तेव्हाही झाले नव्हते. लगेच दुसरी केली, तिला मी रात्री दिव्यात नाही म्हटलं. आजची जवळजवळ जुळली आहे. सकाळच्या उजेडात अगदी आईचा पिस्ता. दिव्याखाली किंचित, अगदी किंचित उतरते. इतका थकलेला चेहरा बघून चालेल म्हणावंसं फार वाटलं.

नाही म्हटलं. अण्णा शीळ घालत परत रंगाच्या बादलीकडे गेले आहेत.

तुझ्यावर राग नाही. माया आहे तेवढी सगळी पाठवते आहे, तुझीही इकडे येऊ दे.

तुझी,
ठमी