मातीच्या मापाचा पितळी वाडगा

कोपनहेगन, ४ ऑक्टोबर १९६१

चि. थोरास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाठवलेले धुरावरचे हेरिंग मासे मिळाले. पोस्टमननं दारातच नाक मुरडलं, मी मात्र उभ्या उभ्या दोन संपवले.

मनगटांमुळे डॉक्टरांनी माझं कुंभाराचं चाक बंद केलं, हे तुला ठाऊक आहेच. आता आमचा चिनीमातीचा कारखाना म्हणतो, दुसऱ्यांच्या कपांवर फुलं रंगवा. त्यातून सुटायला बिडस्ट्रुप साहेबांच्या पितळेच्या कारखान्यासाठी एक शोभेचा वाडगा रेखाटला. कॉफीच्या टेबलावर चॉकलेटं ठेवायला, लहानसा. पसंत पडला तर तिथे कायमची जागा.

आणि मी काय केलं असेल? भट्टीत माती आकसते म्हणून आम्ही सगळं मोठंच आखतो. हाताला तीच सवय. पितळ कुठलं आकसतंय? वाडगा हा एवढा मोठा होऊन आला. साहेब नुसतं सोमवारी या म्हणाले. आता फुलंच रंगवायची, असं धरून चालले आहे.

तुझी,
गुद्रून

रन्ने, ७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी पोट धरून हसले, मग तुझ्या काळजीनं जेवण गेलं नाही.

तुझी निळी बरणी आमच्या खिडकीत आहे. पाद्रीणबाई दर रविवारी ती मागतात आणि मी दर रविवारी नाही म्हणते. असली बरणी घडवणारीनं मान खाली घालून जायचं नाही. वाडगा समोर ठेव आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जमणार नाही, तरी प्रयत्न कर. तुझ्यासारखी डोकेबाज आणि हट्टी बाई आपल्या या रन्नेच्या बेटावर दुसरी जन्मली नाही, याचा मला फार अभिमान आहे.

मनगटांना लोकर गुंडाळत जा. माया आहेच, ती वाढव.

तुझी,
थोरा

कोपनहेगन, १० ऑक्टोबर

चि. थोरास अनेक आशीर्वाद, वि. वि.

गप्प बसले. खरंच.

साहेबांनी वाडग्यात चॉकलेटं ओतली, ती तळाशी कुठच्या कुठे गेली. मग ती काढून त्यांनी वाडगा रिकामाच खिडकीपाशी ठेवला. काठापासून तळापर्यंत उजेड असा उतरला की मीच बघत राहिले. लहान असता तर चॉकलेटांखाली झाकून गेला असता आणि कुणी त्याच्याकडे पाहिलंही नसतं, असं साहेब म्हणाले. नोव्हेंबरपासून कामावर या म्हणाले.

मी धीर करून चूक कबूल केली. मातीचं आकसणं वगैरे सगळं सांगितलं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, पुढचा वाडगाही त्याच मापानं आखा.

ट्राममध्ये रडले गं, सगळ्यांसमोर. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
गुद्रून