आईच्या फोटोतली भेग

चि. चिमीस,

दादाचे आशीर्वाद. प्रवास नीट झाला, गुडघाही मुकाट आहे. तुझा खोकला थांबला का?

आईची निगेटिव्ह सुखरूप आहे, असंच लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. फोटो हरवल्यापासून उरलेली ती एकच खूण. तिची गुंडाळी झाली होती, म्हणून सरळ व्हायला कवितांच्या पुस्तकाखाली दाबली. ज्यातल्या कविता म्हणून तुला निजवायचो, तेच पुस्तक. कट्‌कन आवाज झाला.

जुन्या फिल्म दुरुस्त करणारी बाई म्हणाली, "आजोबा, ही सेल्युलोजची फिल्म. लवचीक राहावी म्हणून तिच्यात एक द्रव्य मिसळतात. ते झिरपून गेलं की ती ठिसूळ होते. वर पांढरी भुकटी दिसायची ना? तेच ते."

"मी धूळ समजून पुसत आलो!"

"पुसली नसतीत तरी ते जायचंच होतं."

तिने तुकडे काचेवर जुळवून प्रत काढली, सोबत पाठवतो. भेग माझ्या चेहऱ्यावरून गेली आहे. आई आणि तिच्या मांडीवरची तू शाबूत आहात.

आई गेली तेव्हा तू सहा महिन्यांची होतीस. ती कशी दिसायची, हे मलाच विचारत आलीस. आता विचारायची गरज नाही.

तरी विचारत जा.

तुझा,
दादा