छपराखालचे दोन ठिपके

तीर्थरूप आत्यास,

आठांपैकी सहा अंगांनी नमस्कार. (पूर्ण साष्टांग घालायला गेलो की पाय शेजारच्या खाटेवर झोपलेल्या माळ्याच्या तोंडाला लागतात. आम्ही तिघे एका खोलीत राहतो, कूस बदलायची तर आधी सांगावं लागतं.) तुझा डावा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून त्याला नावं ठेवतेस, की आता त्याच्याशी बोलणंच टाकलंस? बोलणं टाकायची आपल्या घराण्यात रीतच आहे, पण त्याविषयी पुढे.

इथे येताना मी सगळ्यांना सांगितलं होतं की हा एक वर्षाचा खास परवाना आहे, थोडं काम करायचं आणि उरलेला वेळ देश पाहायचा. ते खोटं नव्हतं. मी मोठ्या हॉटेलात ‘पाहुण्यांच्या सेवेत’ आहे, हेही खोटं नव्हतं. फक्त पाहुणे मला दिसत नाहीत, त्यांचे शर्ट दिसतात. आत्या, कोणाला सांगू नकोस, पण मी तळघरात इस्त्री करतो. बाबांच्या लाँड्रीत ‘मला जन्मभर दुसऱ्यांचे शर्ट सरळ करायचे नाहीत’ असं ताडताड बोलून मी निघालो आणि समुद्र ओलांडून थेट इस्त्रीच्या टेबलापाशीच येऊन उभा राहिलो. अर्जात ‘कशाचा अनुभव आहे’ असं विचारलं होतं, तिथे मी खरं लिहिलं. एवढीच चूक झाली. (आईला पाठवलेल्या फोटोतला निळा कोट माझा नाही. तो दुसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांचा आहे. खांदे नीट बसलेत का, हे अंगात घातल्याशिवाय कळत नाही, असं मी मुकादमीणबाईंना सांगितलं. त्यांनी तो माझ्या अंगातून स्वतः काढला.)

या मुकादमीणबाई म्हणजे आमच्या तळघराच्या मालकीण म्हण ना. चाळीस वर्षं वाफेत उभ्या आहेत, हसल्या तरी रागावल्यासारख्या दिसतात. सुट्टीच्या दिवशी मला प्रेक्षणीय स्थळं दाखवायला त्याच नेतात. धबधबा दाखवला. लोक तोंडात बोट घालून बघत होते आणि आम्ही दोघं, एवढ्या पाण्यात चादरी किती छान खंगाळून निघतील, यावर बोलत होतो. मग संग्रहालयात राजाचा अंगरखा पाहिला. दोनशे वर्षं जुना, जरीचा, काचेच्या कपाटात. पाठीवर खाली कडेला तांबूस त्रिकोण दिसला. इस्त्रीचा चटका! मी इतक्या मोठ्याने ओरडलो की रखवालदार धावत आला. दोनशे वर्षांपूर्वी त्या बिचाऱ्याने केवढ्या शिव्या खाल्ल्या असतील! हे सगळ्यांत आधी बाबांना सांगावंसं वाटलं. पण सांगणार कसं? मी निघाल्यापासून पाच महिने ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. फोन केला की आई घेते, आणि मागून इस्त्रीचा धप्प आवाज येतो. म्हणजे बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर असतात.

आता मुख्य घोटाळा. गेल्या आठवड्यात हॉटेलात एक गायकमंडळ उतरलं. संचालक धरून चाळीस माणसं आणि चाळीस पांढरे, पातळ, उभ्या कॉलरचे शर्ट, सगळे एकसारखे. इथे शर्टाला कागदाची चिठ्ठी टाचतात. आता तूच सांग, आपल्या घरात वाढलेला माणूस कागदावर विश्वास ठेवील का? माझा हात आपोआप खिशातल्या खुणेच्या शाईकडे गेला. (होय, बाटली मी घरून आणली होती. का आणली, ते विचारू नकोस.) चाळीसही कॉलरींच्या आत, मानेमागे, मी आपली खूण केली, वरती छप्पर, खाली दोन ठिपके, शेजारी खोलीचा आकडा. आपल्या दुकानाची पद्धत!

संध्याकाळी मुकादमीणबाईंनी मला मंडळाचं गाणं ऐकायला नेलं. भव्य सभागृह, झुंबरं, मखमली खुर्च्या. गायक आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे संचालक मात्र आमच्याकडे पाठ करून. त्यांनी हात वर केले, सगळे दिवे त्यांच्या पाठीवर आले आणि पातळ कॉलरमधून आपली खूण लख्ख दिसली. दोन तास अख्खं सभागृह ती बघत होतं. मी खुर्चीत जमेल तेवढा खाली घसरलो. पण आत्या, खरं सांगू? भीती ओसरल्यावर रडूच आलं. आजोबांनी ती खूण काढली तेव्हा छपराखाली तुम्हा दोघा भावंडांना बसवलं होतं ना? एक ठिपका तू आणि दुसरा बाबा, आणि तुम्ही दोघं त्या झुंबरांखाली बसला होतात. बाबांनी हे पाहायला हवं होतं, असं फार वाटलं. ते दुकानात माझ्यासाठी खिडकीपाशी दुसरं टेबल मांडून बसले होते आणि मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तेही तेव्हाच आठवलं.

दुसऱ्या दिवशी संचालक शर्ट घेऊन तळघरात आले, मागोमाग व्यवस्थापक. संचालक म्हणाले, लोक माझ्या नव्या केशरचनेकडे बघताहेत असं मला वाटत होतं. मुकादमीणबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चाळीसातला एकही शर्ट चुकीच्या खोलीत गेला नाही, असं इथे पहिल्यांदा घडलंय. बाकीच्यांनी खूण हसण्यावारी नेली, पण संचालकांना ती त्यांच्या शर्टावर नको. शेवटच्या कार्यक्रमापर्यंत निघाली नाही तर माझी रवानगी भांडी घासायला.

आतोबांना नमस्कार, गुडघ्याला आशीर्वाद.

तुझा (अजून तरी) इस्त्रीवाला
भाचा

ता. क. खुणेची शाई पातळ कापडातून कशी काढायची, ते बाबांना विचारून कळव. माझं नाव घेऊ नकोस, शेजारणीसाठी विचारतेय म्हण.

दुसरा ता. क. शेजारीण राहू दे. माझंच नाव घे. त्यांना सगळं सांग, तळघर, राजाचा अंगरखा, सभागृह, सगळं. ते तुलाच तेवढे घाबरतात. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा तू तिथे जाऊन बस. मी सकाळी दहाला फोन करीन. तूच उचल आणि त्यांच्या हातात दे.

तिसरा ता. क. डाग मी कालच काढला. आधी मीठ, मग लिंबू, उलट्या बाजूने चोळायचं आणि उन्हात टाकायचं. बारा वर्षांचा होतो तेव्हा बाबांनीच शिकवलं होतं. पण हे त्यांना सांगू नकोस. फोनवर मी आधी लिंबू म्हणणार आहे, म्हणजे ते ‘मूर्खा, आधी मीठ!’ असं ओरडतील.